संकीर्णचं कपाट



या व्याख्यानासाठी मी बोरिवलीहून मुलुंडच्या वाचनालयात आले. नकाशा काढून बघा, बोरिवली आणि मुलुंड एकमेकींच्या शेजारी आहेत. मध्ये फक्त जंगल आहे, शंभर चौरस किलोमीटरांच्या आसपासचं, कान्हेरीच्या लेण्यांना पोटात घेऊन बसलेलं. बिबट्याच्या मनात आलं तर तो एका रात्रीत इकडून तिकडे येतो. मला मात्र आधी दादरला जावं लागतं, तिथे पूल चढायचा, उतरायचा, पश्चिम रेल्वे सोडून मध्य रेल्वे धरायची आणि पुन्हा उत्तरेला तोंड करायचं. दीड-पावणेदोन तास जातात. म्हणजे दीड-पावणेदोन तास वाचायला मिळतात. डोंगराखालून बोगदे खणायचं काम चाललंय म्हणे. सावकाश होऊ द्या, माझी तक्रार नाही.

पण मी मूळची मुलुंडचीच. लग्न होईपर्यंत याच वाचनालयाची मेंबर होते. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे, त्या ग्रंथपालांना आम्ही सगळे नुसतं ‘काका’ म्हणायचो. तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी त्यांच्या हातून पुस्तक घेतलेलं असणार. सहावीत असताना मी पहिल्यांदा इथली पायरी चढले. त्या काळी मेंबरांना कपाटाला हात लावू देत नसत. काउंटरवर नाव सांगायचं, काका आत जाऊन पुस्तक आणायचे, शाईच्या शिक्क्यावर तारीख फिरवायचे आणि पुस्तक पुढे सरकवायचे. कपाटांवर पत्र्याच्या पाट्या होत्या. कादंबरी. लघुकथा. नाटक. काव्य. चरित्र. प्रवास. धार्मिक. आणि अगदी शेवटी, खिडकीजवळ, पावसाचं पाणी जिथे हमखास यायचं तिथे, एक बुटकं कपाट. त्याच्या पाटीवर ‘संकीर्ण’.

मी विचारलं, “काका, संकीर्ण म्हणजे काय?”

काका म्हणाले, “जे कुठंच बसत नाही ते.”

त्या कपाटात काय नव्हतं? गुरांचे रोग होते. पाकशास्त्र होतं. टंकलेखन शिकवणारं पुस्तक होतं, सर्पदंशावरचं होतं, विहीर कुठे खणावी यावरचंही होतं. मुलुंडच्या चाळीत राहणारा कोण माणूस विहीर खणणार होता? पण ते पुस्तक बाहेर जायचं. मागच्या चिठ्ठीवर तारखा पडलेल्या असायच्या. कोण नेत होतं, का नेत होतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

वाचनालयाचा फोन आला, “यंदा तुम्ही बोला, वर्षभरात काय वाचलं त्यावर बोला”, तेव्हा मी माझी वही काढली. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवते. जमा-खर्चाची सवय जात नाही. वर्षभरात एकतीस पुस्तकं झाली. काही नवी, काही पन्नास वर्षांपूर्वीची, एक तर शंभरी ओलांडलेलं. यादी समोर ठेवली आणि सवयीने प्रत्येकाच्या पुढे प्रकार लिहायला बसले. कादंबरी, आत्मचरित्र, प्रवास… आणि तिसऱ्या-चौथ्या नावाला हात थांबला. हे पुस्तक कुठल्या कपाटात ठेवायचं?

आज मी तेवढंच बोलणार आहे. मोठं काही नाही. एकतीस पुस्तकांवरही बोलणार नाही, घाबरू नका.

शंभरी ओलांडलेल्या पुस्तकापासूनच सुरुवात करते. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत त्यातला उतारा वाचला असेल आणि ‘सत्तावन्नच्या बंडाची हकीकत’ एवढं डोक्यात ठेवून पुस्तक मिटलं असेल. मीही तेच केलं होतं. यंदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, तेही लोकलमध्ये, आणि अंधेरी कधी गेलं ते कळलं नाही.

माणूस कोण? पेणजवळच्या वरसई गावचा एक गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर येतं. म्हणून हा माणूस आपल्या काकांना बरोबर घेऊन १८५७ साली उत्तरेला निघतो. त्याला इतिहास बघायचा नाही. त्याला कर्ज फेडायचं आहे. आणि तो जातो तो नेमका वणव्यात. परत येतो जवळजवळ तीन वर्षांनी, मिळवलेलं बहुतेक लुटलं गेलेलं, खांद्यावर गंगेची कावड. आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालायचं म्हणून एवढ्या हालअपेष्टांत ती कावड त्याने सांभाळली.

आता सांगा, हा प्रवास म्हणायचा? इतिहास? आत्मचरित्र? नावात प्रवास आहे म्हणून वाचनालयातल्या काकांनी ते ‘प्रवास’मध्ये लावलं होतं. तीर्थयात्रेच्या पुस्तकांशेजारी. पण वाचताना माझी स्थिती कादंबरी वाचणाऱ्यासारखी झाली होती. झाशी पडते आणि हे काका-पुतणे जीव मुठीत धरून लपून बसतात, ती पानं वाचताना मी बोरिवलीला उतरायची विसरणार होते. बरं, गाडी बोरिवलीच होती म्हणून निभावलं.

त्यात एक प्रसंग आहे. काल्पीच्या वाटेवर भटजींना राणी लक्ष्मीबाई दिसते. झाशी गेलेली आहे, अंगावर पुरुषी पोशाख, सगळी धुळीने माखलेली. तहान लागलेली आहे. भटजी विहिरीतून पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते, विद्वान ब्राह्मणाकडून आपण पाणी काढून घेणार नाही म्हणते, आणि स्वतः काढून पिते. बस. एवढंच. घोड्यावर बसलेली राणी आपण चौकाचौकात बघितलेली आहे. विहिरीवर पाणी काढणारी राणी मला दुसऱ्या कुणी दाखवलेली नाही. भटजीला ती का दिसली? कारण तो स्वतः तहानलेला, पायी चाललेला माणूस होता. त्याला पाण्याची किंमत ठाऊक होती. तलवारीची जेमतेमच असावी.

आणखी एक गोष्ट, जी वाचनालयात सांगितलीच पाहिजे. झाशीत राजवाड्यात मोठा ग्रंथसंग्रह होता. शहर लुटलं गेलं तेव्हा त्या पोथ्यांचीही धूळधाण झाली. माणसं मरत होती त्या गर्दीत या गृहस्थाने पुस्तकांची आठवण ठेवली आणि वीस-पंचवीस वर्षांनी लिहायला बसला तेव्हा तीही लिहिली. लिहायला त्याला चिंतामणराव वैद्यांनी बसवलं. पुस्तक छापलं गेलं १९०७ साली. पुढे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून संहिता छापली, तेव्हा वैद्यांनी कुठे कुठे हात फिरवला होता ते लोकांना कळलं. म्हणजे संपादकालासुद्धा मोह झालाच होता, हे पुस्तक एका ठरलेल्या कपाटात बसेल असं करायचा. भटजी मात्र बसत नाही. त्याचं कर्ज, त्याची दक्षिणा, त्याची कावड सारखी बाहेर डोकावत राहते.

आता दुसरं पुस्तक सांगितल्यावर तुम्ही हसाल. हसा. ‘रुचिरा’.

होय, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’. १९७० साली आलं. या सभागृहातल्या कुणाचं असं घर नसेल जिथे ते नव्हतं किंवा नाही. मुलगी सासरी चालली की पिशवीत रुचिरा, मुलगा अमेरिकेला चालला की बॅगेत रुचिरा. पण ते कुणी वाचलंय का? म्हणजे कादंबरी वाचतात तसं, सलग? मी यंदा वाचलं. कारण माझी अंधेरीला राहणारी मुलगी. तिने फोन केला, “आई, यात दोन वाट्या लिहिलंय. वाटी कुठली?”

मी म्हटलं, “कुठलीही.”

ती म्हणाली, “कुठलीही कशी? आपल्याकडे पाच मापांच्या वाट्या आहेत.”

मी उत्तर द्यायला गेले आणि अडखळले. तिचा प्रश्न बरोबर होता. आमच्या आजीच्या वेळच्या पाकपुस्तकांत शेर, पावशेर, तोळा असायचं. १९१० सालचं लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ घ्या, हजार पाकक्रिया त्यात. मोठ्या घराचं, भरलेल्या कोठीचं पुस्तक आहे ते. आणि मग साठ वर्षांनी एक बाई येतात आणि म्हणतात, वाटी घ्या, चमचा घ्या. वाटी म्हणजे वजन नव्हेच. वाटी म्हणजे प्रमाण. पिठाला जी वाटी तीच पाण्याला, मग ती तुमच्या घरातली कुठली का असेना. दोन खोल्यांत नवा संसार मांडलेल्या, तराजू नसलेल्या, सासू गावाला राहिलेल्या मुलीला ही केवढी मोकळीक होती! बाजारातल्या मापाशी तिचा संबंधच सुटला. तिचं घर हेच तिचं माप.

मराठी मध्यमवर्गाची चाळीतून ब्लॉककडे, एकत्र कुटुंबातून चौकोनी कुटुंबाकडे झालेली वाटचाल सांगणारे जाडजूड ग्रंथ मी वाचले आहेत. त्यांनी जे शंभर पानांत सांगितलं ते कमलाबाईंनी एका वाटीत सांगितलं. मग हे पुस्तक कुठल्या कपाटात ठेवायचं? समाजशास्त्र म्हणून काकांचं कपाट नव्हतं. असतं तर मी तिथे नेऊन ठेवलं असतं.

तर पहिला मुद्दा एवढाच की कपाटं ही वाचनालयाच्या सोयीसाठी असतात. ती हवीतच, नाहीतर पुस्तक सापडायचं कसं? पण आपण वाचक मंडळी ती पाटी डोक्यात घेऊन घरी जातो. “मी कविता वाचत नाही.” “मला चरित्रं आवडतात.” “कादंबरी म्हणजे वेळ घालवणं.” हे कुणी सांगितलं आपल्याला? पत्र्याच्या पाटीने.

दुसरा मुद्दा जरा अवघड आहे, तो मला नीट सांगता येतो का बघू.

वर्ष संपल्यावर मी वहीत प्रत्येक पुस्तकासमोर एक ओळ लिहिली, आता काय आठवतं. पुस्तक न उघडता. तुम्हीही करून बघा, मोठा घात होतो. ज्या पुस्तकांची मी चारचौघांत वाखाणणी केली होती त्यांच्यासमोर काहीच लिहिता येईना. कथानक पुसट, पात्रांची नावं गेलेली, विचार तर सगळे एकमेकांत मिसळलेले. आणि काही पुस्तकांसमोर मात्र हात आपोआप चालला. कशाबद्दल लिहिलं गेलं? कामाबद्दल. हाताने करायच्या कामाबद्दल.

देविदास सौदागर यांची ‘उसवण’. लहानशी कादंबरी आहे, साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०२४ साली तिला मिळाला. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. कादंबरीतला शिंपी रेडिमेड कपड्यांच्या लाटेत हळूहळू बसत जातो. नवे कपडे शिवायला येत नाहीत, येतात ते उसवलेले, आखूड करायचे, चेन बसवायचे. गोष्ट एवढीच. रडारड नाही, घोषणा नाहीत. पण ज्याने मशीनवर पाय मारलेला आहे त्यानेच लिहावं असं ते शिवणकाम आहे. पुस्तक संपवलं त्या आठवड्यात मी आमच्या स्टेशनबाहेर, जिन्याखाली बसणाऱ्या ऑल्टरवाल्याकडे पंजाबी ड्रेस घेऊन गेले. इतकी वर्षं मी त्याच्या हाताकडे कधी बघितलं नव्हतं. दाताने दोरा तोडताना तो मान किती तिरकी करतो ते त्या दिवशी दिसलं. पुस्तकाने मला दुसरं काय द्यायला हवं होतं?

उर्मिला पवार यांचं ‘आयदान’. २००३ सालचं. मी उशिराच वाचलं, कबूल करते. दलित स्त्रीचं आत्मकथन, असा शिक्का मारून आपण ते एका कप्प्यात टाकतो आणि आदराने, लांबून नमस्कार करतो. लांबून नमस्कार करणं ही न वाचण्याची सभ्य पद्धत आहे. त्या पुस्तकात रत्नागिरीकडच्या गावातल्या बायका डोक्यावर ओझी घेऊन डोंगर उतरून बाजाराला जातात. त्यांची चाल, त्यांची भूक, वाटेवरची थट्टामस्करी आणि शिव्यासुद्धा आहेत. आई सतत बांबूच्या टोपल्या, सुपं विणत बसलेली आहे. आयदान म्हणजे तेच. लेखिका स्वतःच सांगते की आईची वीण आणि आपलं लिहिणं यांचं नातं आहे. मला हे म्हणणं सुरुवातीला थोडं सजवल्यासारखं वाटलं होतं. शेवटी पटलं. कारण पुस्तकाची रचना खरोखरच तशी आहे, एक पट्टी वर, एक खाली. गावची एक आठवण, मुंबईतल्या नोकरीची एक. दोन्ही एकमेकींना धरून ठेवतात. मुंबईला आल्यावर, शिकल्यावर, सरकारी नोकरीत गेल्यावर जात संपते का? या प्रश्नाचं उत्तर त्या पुस्तकात ब्लॉकच्या दारात उभं आहे. आणि ते ब्लॉक आपल्याच उपनगरांतले आहेत, साहेब, परग्रहावरचे नव्हेत.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’बद्दल जास्त बोलत नाही, कारण तुम्ही ती वाचावी असं मला वाटतं. अकादमीचा २०२३ सालचा पुरस्कार. धरणाखाली गाव गेलेलं आहे, माणसं हलवलेली आहेत, आणि देवाप्पा नावाचा एक माणूस मागे राहिलेल्या म्हशीला आणायला परत जातो. म्हैस आता माणसाळलेली राहिलेली नाही. रानटी झाली आहे. एक माणूस, एक म्हैस, एक जंगल, आणि कादंबरी! विस्थापनावर मराठीत आधीही मोठी कादंबरी आहे, विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आहे. तिथे सरकारी कचेऱ्या आहेत, मोबदला आहे, लबाडी आहे. इथे म्हैस आहे. भाषा जड जाते, हे आधीच सांगून ठेवते. पन्हाळ्याकडची बोली. पहिली वीस पानं माझी बोरिवली ते मालाड अशीच गेली, पुढे-मागे, पुढे-मागे. एकविसाव्या पानापासून कान बसला.

आणि मारुती चितमपल्ली. ते गेले २०२५ च्या जूनमध्ये, म्हणून ‘चकवाचांदण’ पुन्हा काढलं. आयुष्य वनखात्यात गेलं. ते आत्मचरित्र आहे असं म्हणतात, पण त्यात ‘मी’ कमी आणि पक्षी जास्त. मी जंगलाला लागून राहते, खिडकीतून नॅशनल पार्क दिसतं म्हणून आमच्या इमारतीत फ्लॅटला भावही जास्त आहे. आणि मला त्या हिरव्या रंगातल्या चार झाडांची नावं येत नाहीत. चितमपल्ली वाचताना मला लाज वाटली. पुस्तकाने एवढं केलं तरी पुष्कळ. आता सकाळी फिरायला जाते तेव्हा माळ्याला विचारते. तो बिहारचा आहे, तो त्याच्याकडची नावं सांगतो. चितमपल्लींना हे आवडलं असतं. आदिवासींकडून, पारध्यांकडून, कोळ्यांकडून शब्द गोळा करण्यातच त्यांचा जन्म गेला.

तर मला काय सांगायचंय ते आता लक्षात आलं असेल. शिंपी, टोपल्या विणणारी आई, म्हैस शोधणारा गडी, वनाधिकारी. कपाटं वेगवेगळी. पण ज्याला एखादं काम आतून ठाऊक आहे, त्याचं पुस्तक माझ्याजवळ राहिलं. ज्याला फक्त मत ठाऊक आहे, त्याचं गेलं.

याला अपवाद आहेत का? आहेत ना. अपवाद नसलेला वाचक खोटं बोलत असतो. नंदा खरे यांची ‘उद्या’. २०२० चा अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. ही कादंबरी मतांनीच भरलेली आहे. माणसं बोलतात ती लेख वाचून दाखवल्यासारखी. दोनदा मी ती बाजूला ठेवली. पण आमच्या सोसायटीच्या गेटवर आता अ‍ॅप आलंय. भाजीवाला वर यायचा तर माझ्या फोनवर घंटा वाजते, त्याचा फोटो येतो, मी ‘हो’ दाबते. सतत नजरेखाली असलेल्या माणसांचं जग खऱ्यांनी आपल्याला ‘उद्या’ म्हणून दाखवलं होतं. दाबताना दर वेळी ते पुस्तक आठवतं. कादंबरी म्हणून मला ती कच्ची वाटते, अजूनही. पण सोडत नाही, हेही खरं.

कोलटकरांची ‘भिजकी वही’ यंदाही पुरी झाली नाही. तीन वर्षं चाललंय. ती लोकलमध्ये वाचता येत नाही, एक तर जाड आहे, दुसरं म्हणजे रडू येतं आणि लेडीज डब्यात कुणी रडलं की दहा जणी विचारायला येतात. कन्नगी आहे, हिपेशिया आहे, व्हिएतनामच्या फोटोतली किम आहे. जगभरच्या रडणाऱ्या बाया. महिन्याला दोन कविता, त्यापेक्षा जास्त झेपत नाहीत.

बाबूराव अर्नाळकरही एक वाचला, काकांच्या आठवणीसाठी. त्यांच्या झुंझार या नायकाची एक कथा. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. रहस्य मला चौथ्या पानावर कळलं. तरी वाचत राहिले, कारण गाडी वांद्र्याला अडकली होती. आणि जीवन कसं जगावं हे सांगणारी भाषांतरित पुस्तकं तीन वाचली, तिन्ही भेट आलेली. त्यांच्यासमोर वहीत काही लिहिलेलं नाही.

आता तिसरा मुद्दा, आणि तोच मला खरा बोलायचा आहे.

या एकतीस पुस्तकांत आपण कुठे आहोत? आपण म्हणजे मुलुंड, भांडुप, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिलं. रेल्वे सुरू होऊन दहा वर्षं झाली होती. केवढं कुतूहल त्या माणसाला! पण त्यांची मुंबई म्हणजे बेट. आपण साष्टीतले, पलीकडचे. मुंबई महापालिकेतसुद्धा आपल्याला घेतलं ते मागाहून, अंधेरी-घाटकोपर १९५० साली, मुलुंड-बोरिवली १९५७ साली. पण पालिकेत येऊन आता किती वर्षं झाली? साहित्यात कधी येणार?

मुंबईवर मराठीत कमी लिहिलंय का? चाळ आहे, झोपडपट्टी आहे, गिरणगाव आहे, गोलपिठा आहे. दादर तर आहेच आहे. भाऊ पाध्ये आहेत, दळवींचं ‘चक्र’ आहे, दया पवारांचं ‘बलुतं’ आहे. अगदी अलीकडचे जयंत पवार घ्या. ‘अधांतर’ नाटक, ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’, ‘वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा’. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाचं काय झालं हे त्यांच्याइतकं कुणी सांगितलं नाही. पण गिरणगावातली घरं विकून माणसं गेली कुठे? आपल्याकडे आली! कांदिवलीला, बोरिवलीला, भांडुपला, आणखी पुढे विरारला, डोंबिवलीला. गोष्ट तिकडे संपते आणि माणसं इकडे राहतात. आणि आपल्याकडे कारखाने नव्हते का? लालबहादूर शास्त्री मार्गाने घाटकोपरहून मुलुंडपर्यंत या. दोन्ही बाजूंना कारखाने होते. भोंग्यावर घड्याळ लावायचो आपण. आज तिथे टॉवर आहेत, मॉल होते, ते मॉलही आता पाडायला लागलेत. गिरणीवर पन्नास पुस्तकं. या रस्त्यावर?

माझे वडील भांडुपच्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर आयुष्य गेलं. पहिली पाळी असली की पहाटे साडेपाचला घराबाहेर. घरी कारखान्याविषयी एक शब्द बोलत नसत. वाचनालयात ते माझ्याबरोबर यायचे आणि दारातच उभे राहायचे, आत यायचे नाहीत. हाताला तेल असतं म्हणायचे. आंघोळ करून आलेले असायचे, तरी.

ते गेल्यावर ट्रंकेत एक वही सापडली. खाकी पुठ्ठ्याची, पानांच्या कडा बोटांनी काळ्या झालेल्या. मी उघडली तेव्हा वाटलं, हिशेबाची असेल. अर्धी तशीच आहे. रॉकेल पाच लिटर. दूध. माझी शाळेची फी. पण मधल्या पानांवर आकड्यांचे तक्ते आहेत. इंचाला आठ आटे पाडायचे तर कुठला गियर कुठे लावायचा. इंचाला अकरा असतील तर कुठला. कुठल्या धातूला हत्याराची धार किती तिरकी घासायची. आणि एका पानावर, नुसतीच एक ओळ: सात नंबरचं मशीन थंडीत अर्धा सूत डावीकडे ओढतं, पहिला जॉब फुकट धरावा.

मी बँकेत सदतीस वर्षं काढली. रोज आकडे लिहिले. यंत्राच्या स्वभावाविषयी असं वाक्य मला लिहिता आलं नसतं.

या सभागृहात पांढऱ्या केसांची जी मंडळी बसली आहेत, त्यांतल्या पुष्कळांनी या रस्त्यावरच्या कारखान्यांत नोकऱ्या केल्या आहेत. कुणी पॅकिंगला होत्या, कुणी टूलरूममध्ये, कुणी कँटीन चालवलं. तुम्हाला विनंती करायची आहे. आत्मचरित्र लिहू नका. ‘माझी जडणघडण’ वगैरे तर मुळीच नको. तुमचं काम काय होतं तेवढं लिहा. सकाळी हातात पहिली वस्तू कुठली यायची, ती कशी धरायची, कुठे चुकायचं. वीस पानं झाली तरी चालतील. गोडसे भटजीने पंचवीस वर्षांनी लिहिलं. तुमची तर अजून तेवढीही झालेली नसतील.

वडिलांची वही मी आज बरोबर आणली आहे. घरी ठेवली तर माझ्यानंतर रद्दीत जाईल. ती मी वाचनालयाला देते. काकांच्या पद्धतीने तिच्यावर दाखल क्रमांक घाला, मागे तारखांची चिठ्ठी चिकटवा. कुठल्या कपाटात ठेवायची ते ग्रंथपालांनी ठरवावं. फक्त खिडकीजवळ नको, तिथे पावसाचं पाणी येतं.